चौथं बटण आणि गटाराचं झाकण

१५ जानेवारी २०२६ ची सकाळ. टेंभी नाक्याजवळच्या मतदान केंद्रात मी आयुष्यात पहिल्यांदा महापालिकेसाठी मत द्यायला गेले होते. पुढे आजी, मागे मी. मशीनसमोर उभी राहिले, तीन बटणं दाबली आणि मोठ्या तोऱ्यात बाहेर निघाले. तेवढ्यात टेबलावरच्या बाई ओरडल्या, "अहो ताई, चौथं राहिलं! बझर कुठे वाजला?"

आमच्या प्रभागात चार जागा आहेत, अ, ब, क, ड. चारही मतं दिल्याशिवाय बझर वाजत नाही. परत आत गेले. चौथ्या यादीतलं एकही नाव ओळखीचं नव्हतं. एक चिन्ह ओळखीचं वाटलं, दाबलं आणि आले.

घरी जाताना आजीने विचारलं, "चौघांना निवडून दिलंस ना? मग आता ते तिथे जाऊन नक्की करणार काय?"

"कामं करतील," मी म्हटलं.

"कामं तर ऑफिसातले इंजिनियर करतात. नगरसेवक काय करतो?"

मित्रांनो, थर्ड इयरला असून व्हायव्हामध्ये माझी एवढी दांडी कधी उडाली नव्हती. कॉन्व्हेंटमध्ये सिव्हिक्स नावाचा विषय होता आणि त्यात मला चांगले मार्क होते. पण संसद, राष्ट्रपती, सुप्रीम कोर्ट सगळं पाठ, आणि घरासमोरचं गटार कोणाच्या सहीने दुरुस्त होतं ते माहीत नाही! शेवटी आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या काकांकडे गेले. त्यांची सगळी नोकरी एका नगरपालिकेच्या सचिव विभागात गेली. त्यांनी कपाटातून जुन्या विषयपत्रिकांचा एक गठ्ठा काढून दिला आणि म्हणाले, "वाच, आणि अडलं की ये." अडलं म्हणजे काय, पहिल्याच ओळीला अडलं. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.' असो. त्या गठ्ठ्यातून आणि काकांच्या चहातून जे कळलं ते सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

आधी कोण कोणाचं ते बघू

टेंभी नाक्यावर उभं राहून गोल फिरलात तर जे जे दिसतं ते सगळं महापालिकेचं, असं आपण धरून चालतो. पण तसं नाही. सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचं, महापालिकेचं मोठं हॉस्पिटल कळव्याला. एसटी महामंडळाची, टीएमटी महापालिकेची. स्टेशन रेल्वेचं, वीज महावितरणची, सिग्नलला उभा असलेला हवालदार पोलीस आयुक्तालयाचा. महापालिकेकडे काय? शहरातले बहुतेक रस्ते, गटारं, नळाचं पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे, प्राथमिक शाळा, स्मशानं, जन्म-मृत्यूचे दाखले, फायर ब्रिगेड. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीचा एवढा मोठा मंडप उभा राहतो, त्याला मात्र एका जागेची परवानगी पुरत नाही. रस्ता महापालिकेचा म्हणून तिची, आणि वाहतूक नि बंदोबस्त म्हणून पोलिसांचीही.

हे सगळं 'महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९' या कायद्यात लिहिलेलं आहे. कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. आपल्या भाषेत, कंपल्सरी सब्जेक्ट आणि इलेक्टिव्ह. गटार कंपल्सरी, नाट्यगृह इलेक्टिव्ह. पण गंमत अशी की आपण कुठल्याही पाहुण्याला ठाणं दाखवताना गडकरी रंगायतन दाखवतो, गटार कोणी दाखवत नाही.

ठाण्याला नगरपालिका मिळाली १८६३ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली त्यानंतर दहाच वर्षांनी. तेव्हा हे तळ्यांचं छोटंसं गाव होतं. आजूबाजूची गावं घेऊन महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ रोजी, आणि पुढच्याच वर्षी कल्याण-डोंबिवलीची. जिल्ह्यात अजूनही अंबरनाथ आणि बदलापूर इथे नगरपरिषद आहे. तिथला कायदा वेगळा, १९६५ चा. तिथे आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात आणि नगराध्यक्ष लोक थेट निवडून देतात. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या निवडणुका झाल्या. आपल्याकडे महापौर थेट निवडला जात नाही, नगरसेवक आपल्यातून निवडतात, अडीच वर्षांसाठी.

आणि एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. गळ्यात ती साखळी, सगळे उद्घाटनाला बोलावतात, म्हणून मला वाटायचं महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. पण कारभार चालवायचा अधिकार, म्हणजे ज्याला कार्यकारी अधिकार म्हणतात तो, महापौरांकडे नाही. तो आयुक्तांकडे असतो, आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. महापौर सभा चालवतात, आणि समान मतं पडली तर निर्णायक मत देतात. थोडक्यात, कारभार करणारा सरकारने पाठवलेला, आणि त्याला मंजुरी देणारे आपण पाठवलेले.

झाकणाचा प्रवास

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा एका गल्लीत गटाराचं झाकण तुटलं. तुम्ही तक्रार केलीत. पुढे काय होतं?

तक्रार जाते प्रभाग समितीच्या कार्यालयात. ठाण्यात अशा नऊ प्रभाग समित्या आहेत, नौपाडा-कोपरीपासून दिव्यापर्यंत. तिथे सहाय्यक आयुक्त बसतात. ते कनिष्ठ अभियंत्याला पाठवतात, म्हणजे आपल्याच सिव्हिलच्या कुठल्यातरी सीनियरला. एकच झाकण असेल तर प्रश्न सोपा. अशा किरकोळ कामांसाठी ठेकेदाराबरोबर वर्षाचा दर आधीच ठरलेला असतो, त्यातून झाकण बदललं जातं. झाकण काही महासभेत जात नाही.

पण अभियंत्याने बघितलं की झाकण नाही, अख्खं गटारच खचलंय, तर खरी फाईल तयार होते. आधी अंदाजपत्रक. (इथे माझा पहिला गोंधळ झाला. कारण मराठीत एस्टिमेटला पण अंदाजपत्रक म्हणतात आणि महापालिकेच्या वर्षाच्या बजेटला पण.) अंदाजपत्रक मनाने करता येत नाही, सरकारी दरसूचीप्रमाणे करावं लागतं. खोदाई इतकी, काँक्रीट इतकं, सळई इतकी. मग तांत्रिक मंजुरी, म्हणजे मोठ्या अभियंत्याने गणित बरोबर आहे असं म्हणणं. मग लेखा विभाग सांगणार की ज्या लेखाशीर्षातून खर्च करायचा त्यात पैसे शिल्लक आहेत का. नसतील तर फाईल तिथेच झोपते. असतील तर प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग सगळ्यात कमी दर कोणाचा ते बघणं. ठराविक रकमेच्या वरचं कंत्राट असेल तर ते स्थायी समितीपुढे जातं. त्यानंतर कार्यादेश. काम सुरू झालं की अभियंता मोजमाप पुस्तिकेत रोजची मापं लिहिणार, आणि त्यावरून बिल निघणार. बिल निघाल्यावरही ठेकेदार सुटत नाही. दोष दायित्व कालावधी असतो, तेवढ्या मुदतीत गटार परत खचलं तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचं.

मी काकांना म्हटलं, "काका, एवढ्या सह्या होईपर्यंत माणूस गटारात पडेल की!"

काका म्हणाले, "अगं, त्यासाठीच कलम ६७(३)(क) आहे. तातडीचं असेल तर आयुक्त आधी काम करून घेऊ शकतात, आणि नंतर समितीला कळवतात. पण ती वाट रोजची झाली की समजायचं, काहीतरी पाणी मुरतंय. प्रत्येक सही कोणाला तरी छळायला ठेवलेली नाही. आधी कधीतरी त्या सहीशिवाय पैसे गेलेले असतात, म्हणून ती आलेली असते."

हे मला पटलं. लॅबमध्ये चष्मा घालायचा नियम आपल्याला कटकट वाटतो, पण तो कोणाचातरी डोळा गेल्यावरच आलेला असतो.

महासभा म्हणजे काय प्रकार

नगरसेवक या सगळ्यात दोन ठिकाणी येतो. एक स्थायी समिती आणि दुसरी महासभा.

स्थायी समितीत सोळा सदस्य असतात. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे जागा वाटल्या जातात आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. कंत्राटांची मंजुरी इथे, आणि आयुक्त बजेट मांडतात तेही आधी इथेच. पेपरमध्ये स्थायीच्या सभापतिपदासाठी एवढी रस्सीखेच का चालते, ते कळलं ना? तिजोरीची चावी आयुक्तांकडे असली तरी कुलूप या सोळा जणांचं आहे.

महासभा म्हणजे सगळे नगरसेवक. ठाण्यात ते आहेत १३१, आणि प्रभाग ३३. बत्तीस प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या होती सुमारे १८ लाख ४१ हजार. भागाकार करा, एका नगरसेवकामागे साधारण चौदा हजार माणसं. आणि प्रभाग चौघांचा असल्यामुळे छप्पन्न हजार माणसांना चार नगरसेवक. आज आकडा याहून मोठाच असणार. चौघांचा प्रभाग असला की एक अडचण होते. गटार तुंबलं तर जबाबदार कोण, अ की ड? चांगलं काम झालं की चौघांचे बॅनर लागतात, हे मात्र आपण रोज बघतो.

कायद्याप्रमाणे महासभा महिन्यातून निदान एकदा व्हायलाच लागते. तिचा क्रम ठरलेला असतो. आता माझ्यासारख्या इंग्लिश मीडियमवाल्यांसाठी छोटीशी डिक्शनरी.

विषयपत्रिका: सभेत काय काय येणार त्याची यादी. सचिव ती सभेच्या आधी सगळ्यांना पाठवतात.

इतिवृत्त: मागच्या सभेत काय ठरलं त्याची लेखी नोंद. ते 'कायम' झालं की त्यात बदल नाही. म्हणून ज्यांना काही बदलायचं असतं ते याच वेळी भांडतात.

गोषवारा: प्रत्येक प्रस्तावाबरोबर प्रशासनाने जोडलेली माहिती. काम काय, खर्च किती, का हवंय. काका म्हणतात, नगरसेवकाने भाषण कमी आणि गोषवारा जास्त वाचावा.

लक्षवेधी: नगरसेवकाने एखाद्या प्रश्नाकडे सभेचं लक्ष वेधण्यासाठी दिलेली सूचना. यावर प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं.

सूचक आणि अनुमोदक: ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा. दोघांची नावं कायमची कागदावर राहतात.

आयत्या वेळचे विषय: विषयपत्रिकेत नसलेले, सभेत अचानक आलेले. हे शब्द ऐकले की कान टवकारायचे. खरी तातडी असू शकते, पण कोणी वाचायच्या आत एखादी गोष्ट पास करून घ्यायची असेल तर त्यालाही हाच दरवाजा सोयीचा.

काकांच्या गठ्ठ्यात मला एक गोष्ट वारंवार दिसली. पहिल्या दोन-तीन विषयांवर पानंच्या पानं चर्चा, आणि मग 'विषय क्रमांक अमुक ते अमुक सर्वानुमते मंजूर.' एका ओळीत पंचवीस-तीस विषय! मी विचारलं, हे कसं? काका हसले. "दुपारी जेवायची वेळ झाली होती."

आणि हो, सभेने मंजूर केलं म्हणजे झालंच असंही नाही. ठराव कायद्याच्या विरुद्ध आहे किंवा लोकांच्या हिताचा नाही असं वाटलं तर राज्य सरकार तो स्थगित करू शकतं किंवा रद्द करू शकतं. त्याला सरकारी भाषेत 'विखंडित करणे' म्हणतात. हा शब्द मी आता ग्रुपमध्ये वापरते. परवा कँटीनचा प्लॅन विखंडित झाला.

पैसा आणि पाणी

पैसा येतो कुठून? पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती. २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर त्याची भरपाई राज्य सरकारकडून येते. म्हणजे आधी महापालिका स्वतःच्या नाक्यावर पैसे गोळा करायची, आता मोठ्या रकमेसाठी मंत्रालयाकडे बघते. पॉकेटमनी कितीही चांगला असला तरी तो पॉकेटमनीच. स्वतःच्या कमाईत राहिलं ते मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बिल्डरांकडून येणारे विकास शुल्क. २०२५-२६ चं बजेट साडेपाच हजार कोटींहून जास्त होतं.

पाण्याचंही असंच परावलंबन. ठाण्याला रोज साधारण ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं महापालिकेच्या स्वतःच्या योजनेचं २५० च्या आसपास. बाकीचं स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून. एवढ्या मोठ्या शहराला स्वतःच्या मालकीचं धरण नाही. म्हणून 'आमच्याकडे पाणी का येत नाही' या लक्षवेधीला पुष्कळदा उत्तर मिळतं की शटडाऊन दुसऱ्या संस्थेचा आहे. उत्तर खरं असतं, पण त्याने बादली भरत नाही.

एकाच माणसाच्या दोन खुर्च्या

आता मुद्द्याचं. हे जे सगळं वर लिहिलं, महासभा, स्थायी, लक्षवेधी, ते ठाण्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं बंद होतं. २०१७ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली, आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या कोर्टातल्या वादामुळे पुढची निवडणूक होईना. कल्याण-डोंबिवलीची मुदत तर नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती, म्हणजे तिथे पाच वर्षांहून जास्त. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं सांगितलं, तेव्हा कुठे गाडी हलली.

या काळात काय झालं? आयुक्तच प्रशासक झाले. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचे पण त्यांच्याकडे. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तो मंजूर करायचा. सूचक तेच, अनुमोदक तेच! हजारो कोटींची बजेटं अशीच मंजूर झाली.

कंट्रोल सिस्टीम्समध्ये आपण शिकतो की फीडबॅकची वायर काढली तर ती ओपन लूप सिस्टीम होते. ती बंद पडत नाही, चालूच राहते, कदाचित जास्त वेगाने चालते. फक्त आउटपुट चुकतंय हे तिला कोणी सांगत नाही.

मी काकांना मुद्दाम विचारलं, "पण काका, लोक तर म्हणतात प्रशासकाच्या काळात कामं पटापट झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टी. चंद्रशेखर आयुक्त असताना रस्ते रुंद झाले, त्यांचं नाव लोक अजून काढतात. नगरसेवकांचं नाव कोणी काढत नाही."

काका म्हणाले, "खरं आहे. पण तेव्हा समोर सभागृह होतं. भांडणारं, आडवं येणारं, पण होतं. चांगला आयुक्त सभागृह असतानाही काम करतो. वाईट आला तर त्याला 'नाही' म्हणायला कोण?"

मी म्हटलं, "आणि तीस विषय एका ओळीत पास करणारे नगरसेवक तरी कुठे 'नाही' म्हणतात?"

यावर काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणत नाहीत. पण म्हणू शकतात. आणि नाही म्हणाले तर पाच वर्षांनी तू त्यांना विचारू शकतेस. प्रशासकाला तू काय विचारणार? त्याची बदली झालेली असते."

मग आपण काय करायचं?

मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. सबमिशन्स असतात, मला माहीत आहे. पण एवढं तर जमेल:

आपल्या प्रभागाचा नंबर आणि चारही नगरसेवकांची नावं पाठ करा. चार नावं म्हणजे काही लॅप्लास ट्रान्सफॉर्मचं टेबल नाही.

तक्रार तोंडी करू नका, लेखी करा आणि नंबर घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात जन्मदाखल्यासारख्या सेवांना मुदत ठरलेली आहे.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. गल्लीतल्या कामाचा कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. सिव्हिलच्या मुलांनी ती एकदा वाचली तर क्वांटिटी सर्व्हेचा अभ्यास पण होईल. आणि दोष दायित्व कालावधी किती ते नक्की बघा. कित्येकदा आपण परत नवीन गटार मागतो, आणि जुन्याच ठेकेदाराने ते फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं.

परवा संध्याकाळी मी आजीला हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, शेंगा सोलता सोलता. मग म्हणाली, "म्हणजे नगरसेवकाचं काम झाकण बसवायचं नाही. झाकणाला किती पैसे गेले आणि ते परत का तुटलं, हे विचारायचं."

दोन हजार शब्दांत मी जे सांगितलं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. मग तिने विचारलं, "आणि तू ते चौथं बटण कोणाचं दाबलंस गं?"

मी नाव सांगू शकले नाही. ते आता शोधून काढलंय, मोबाईल नंबरसकट. पहिलं पत्र याच आठवड्यात जाणार आहे, लेखी, आणि पोच घेऊन.